फल्गू नावाची होडी

ज्याच्या पायाशी विघ्ने निमूट बसतात त्या गजाननाला आणि जिच्या नुसत्या दर्शनाने मळ जातो त्या नर्मदामाईला वंदन करून, आज माघ शुद्ध सप्तमीला, माईच्या जन्मदिवशी, हे लिहावयास बसलो आहे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, गुरुबंधूंना नाही. देवापुढे बसूनही याचा उच्चार कधी केला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच सांगवते आहे की काय, कोण जाणे.

मी धारचा. दरबारच्या पौरोहित्यासाठी आमचे पूर्वज दक्षिणेतून माळव्यात आले. मी आयुष्यभर संस्कृत शिकविले. धाकटी बहीण कुसुम देवासला दिली. तिचे यजमान मनोहरराव बँकेतून निवृत्त झाले आणि निवृत्त माणसाला शोभेल असे काही — भागवताचे पारायण, गुलाबाची कलमे, निदान मधुमेह — न धरता त्यांनी एक शिडाची होडी विकत घेतली.

तीही लाकडाची नव्हे. फायबरची. भोपाळच्या तलावावर हौशी मंडळींनी वापरून झाडीत टाकून दिलेली. टेम्पोतून ती देवासच्या अंगणात उतरली, तेव्हा शेजारी भिंतीवरून विचारता झाला, "मनोहर भिया, टंकी तो बड़ी लाए, पन आड़ी क्यों रख दी?" मी त्या दिवशी तेथेच होतो. मनापासून हसलो. ती टाकीच होती. फक्त तिला डोलकाठीचा अहंकार होता.

पुढे दोन वर्षे त्या अंगणात जे चालले त्याला उद्योग म्हणावे की खूळ? मनोहरराव गुडघ्यांवर बसून नाण्याने होडीची पाठ ठोकीत. टणक आवाज आला की पुढे सरकत. भद्द वाजले की खडूने गोल काढीत. फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड असते म्हणे. स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरून ते कुजले होते. वरचा थर कापून त्यांनी आतला काळा लगदा कुसुमच्या स्वयंपाकघरातल्या डावाने उपसला. एकदा राळेत कडक करणारे औषध जास्त पडले, तर बादली धूर सोडून दगड झाली, ब्रश आत उभाच राहिला. लाज वाटावी की नाही? ते ती बादली येणाऱ्याजाणाऱ्याला शिवलिंग दाखवावे तशी दाखवीत. गंजलेल्या तारा काढून नव्या घातल्या, बॅटरीची लहान मोटर बसविली, सुकाणू तीनदा केले. तिसऱ्यांदाही ते वाकडेच बसले.

त्यांच्यासोबत घासायला असे माझी भाची शर्वरी. ती एम.ए. करीत होती, संस्कृतात. शाळा हिंदी, त्यामुळे मराठी वाचताना अडखळे. पण संस्कृत मी स्वतः तिला लहानपणापासून शिकविले होते. होडीच्या पोटाला आलेले फोड ती घासून काढी आणि काचेच्या धुळीने लाल झालेले हात घेऊन धारला माझ्यासमोर अध्ययनाला बसे. मला त्या हातांचीही किळस येई.

का? नर्मदेची प्रदक्षिणा करणारा तिला ओलांडतदेखील नाही, आणि हे गृहस्थ तिच्या अंगावर हवा खायला निघाले, असे मी स्वतःला सांगे. ती भक्ती नव्हती. मत्सर होता का? तोही नव्हे, मत्सरात समोरच्याला थोडातरी मान असतो. मी त्यांना केवळ तुच्छ लेखीत होतो — ज्यांना एक विभक्ती धड येत नाही आणि तरीही जे आनंदात असतात, अशा माणसांना लेखतात तसे.

एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "दादा, नाव तुम्हीच ठेवा बरं. संस्कृत पायजे. एकदम वजनदार."

जावयाचा अपमान आमच्या घरात मराठीत करता येत नाही. मी तो संस्कृतात केला.

"फल्गू," मी म्हणालो. "गयेची पवित्र नदी."

ते जेवता जेवता थांबले. त्यांच्या वडिलांचे गयाश्राद्ध राहून गेले होते. त्याची रुखरुख त्यांना होती. डोळे पुसून म्हणाले, "दादांनी लक्षात ठेवलं." मला ते ठाऊकही नव्हते. मी मान हलविली. कारण फल्गु या शब्दाचा दुसरा अर्थ — माझ्या मनात होता तो एकच अर्थ — निःसार, पोकळ, कवडीमोल. धारला परतून हे दोघा शास्त्र्यांना सांगितले. आम्ही पोट धरून हसलो.

इथवर क्षुद्रपणाच होता. इथे थांबलो असतो तर कदाचित हे लिहिलेही नसते.

धरमपुरीच्या घाटावर होडी पाण्यात सोडायची होती. नावाची अक्षरे शर्वरीने स्वतः निळ्या रंगाने काढली होती. मनोहरराव नारळ घेऊन उभे, कुसुम ओटी घेऊन. आणि शर्वरीने, शिष्याने विचारावे तसे, निर्मळपणे विचारले, "मामा, एक शंका आहे. फल्गु म्हणजे निःसार ना? तुम्हीच तर शिकवलं होतं."

मनोहररावांनी माझ्याकडे पाहिले. खरे बोलायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "तुझे व्याकरण अजून कच्चे आहे. नद्यामर्थविपर्ययः। नदीवाचक झाला की शब्दाचा अर्थ उलटतो. तेथे फल्गू म्हणजे सारवती."

असे सूत्र नाही. कोठेही नाही. ते मी घाटावर उभ्या उभ्या रचले. व्याकरणात 'नदी' ही एक पारिभाषिक संज्ञाही आहे, म्हणून ते खरे वाटण्याजोगे झाले. त्या क्षणीही माझ्यातला पंडित स्वतःच्या कारागिरीवर खूश झाला होता. ज्या शास्त्राच्या एका मात्रेसाठी मी मुलांना उभे केले, त्यात मी खोटे नाणे पाडले. कशासाठी? जावयासमोर उघडे पडू नये म्हणून.

"देखा बेटा? मामा से पंगा नहीं लेने का," मनोहरराव हसले आणि त्यांनी नारळ फोडला.

पुढच्या वर्षी शर्वरी एका महाविद्यालयात शिकविण्याच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. अर्थांतराविषयी प्रश्न आला. तिने माझे सूत्र सांगितले. कोणत्या अध्यायातले, असे विचारले गेले. मग कोण्या गुरूने शिकविले, असे विचारले गेले, आणि समोरची मंडळी हसली. तिने माझे नाव घेतले नाही.

ती तेथून थेट धारला आली. माझ्यापुढे बसून, हात मांडीवर ठेवून म्हणाली, "मामा, मी बहुतेक चुकीचं ऐकलं. त्या दिवशी घाटावर वारा फार होता. मूळ सूत्र कसं आहे?"

त्या दिवशी वारा नव्हता. पान हलत नव्हते. शीड ओल्या धोतरासारखे लोंबत होते आणि शेवटी मोटर लावावी लागली होती. हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते. काय झाले ते तिला कळले होते, आणि तरीही तिने मला उठून उभे राहायला हात दिला होता.

मी काय केले? मी म्हणालो, "नीट ऐकत जावे."

हेच ते. एवढेच सांगायचे होते.

ती पाया पडून गेली. पुन्हा पाठाला आली नाही, कोठे अर्जही केला नाही. आज ती इंदूरला विम्याच्या कचेरीत आहे. लोकांनी विचारले तर, मुलींची विद्या टिकत नाही हो, असे मी म्हणतो. गेल्या महिन्यातही म्हणालो. मनोहरराव अजून दर हिवाळ्यात होडी बाहेर काढून घासतात, आणि मला ते अजूनही खुळेच वाटतात. त्यांना तुच्छ लेखण्याची माझी योग्यता मात्र त्या दिवशी संपली.

माझी भाची बरोबर होती. सूत्र खोटे होते. ते माझे होते.

हे वाचणाऱ्या सज्जना, तुमच्या घरी अन्न आणि आयुष्य अक्षय असो. तुमच्या लेकीसुनांना, नातवंडांना विद्या मिळो आणि ती देणारा सत्यवचनी असो. नर्मदामाई तुमच्या उंबऱ्याचे रक्षण करो.