लेडीज टेलरचं जंगल

कंधारच्या बसस्टँडामागं माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. माझं नाव मुबश्शिरा, पण त्या नावानं विचारलंत तर पत्ता लागायचा नाही. 'प्राणीवाली भाभी' म्हणा, शेंबडं पोरसुद्धा आणून सोडेल. कारण दुकानाच्या भिंतीवर मी टपाल तिकिटं काचेत लावून ठेवलीत, आणि ती सगळी जगातून संपत चाललेल्या प्राण्यांची. काही नांदेडच्या मोठ्या पोस्टातून आणलेली, काही सौदीतल्या दिरानं जमवून दिलेली.

खऱ्या प्राण्यांचं म्हणाल, तर पाल दिसली की मी शिलाई मशीनवर चढून बसते. माझे मालक अनस रिक्षा चालवतात. ते म्हणतात, "तू गेंड्याला वाचवशील गं, पण पालीपासून तुला कोण वाचवणार?"

तरी गिऱ्हाईक आलं की माझं भाषण सुरू. बाई बिचारी हात वर करून उभी, टेप तिच्या दंडाला आणि मी हिमबिबट्यावर. ब्लाउज वेळेवर मिळत नाहीत ते यामुळंच.

मागच्या उन्हाळ्यात सकाळीच किशनरावांचा फोन आला. गावाबाहेर त्यांचा मळा आहे.

"भाभी, कोरड्या इहिरीत कायतरी जनावर पडलंय. कुणालाच वळखू येईना. तुमाला समद्या जनावरांची म्हाईती हाय. लवकर या."

माझी छाती अशी फुगली की बुरख्याची बटणं तुटायची बाकी होती. अनसच्या रिक्षातून गेले. विहिरीभोवतीच्या गर्दीनं मला वाट करून दिली. वाट करून दिलेली मला लई आवडते.

काठावरून वाकून पाहिलं. तळाशी काहीतरी हळूहळू सरकत होतं. अंगभर खवलं, जाड लांब शेपटी.

"मगर हाय! मागं सरा!" मी ओरडले.

लोक पळाले. सगळ्यात पुढं मी. एक चप्पल बांधावरच राहिली.

फक्त किशनरावांच्या बायको सिंधुताई जागच्या हलल्या नाहीत.

"अवो भाभी, कोरड्या इहिरीत मगर कुठली? हे तर तुमच्याच भिंतीवरलं खवल्या मांजर हाय. त्या गुलाबी तिकिटावरचं."

"तुम्हाला कसं कळलं?" मी लांबूनच विचारलं.

"एका ब्लाउजासाठी किती चकरा मारल्या म्या! बाकड्यावर बसून दुसरं काय बघावं मानसानं?"

सगळा मळा हसला. अनस तर पोट धरून हसून राहिले होते. पण माझं काय चुकलं? तिकिटावर ते अंगठ्याएवढं. इथं नुसती शेपटीच हातभर!

दुपारी वनखात्याची माणसं आली. जाळी सोडून त्याला अलगद वर काढलं, पिंजऱ्यात ठेवलं. जवळ जायची माझी हिंमत होईना. सिंधुताईंनी दंड धरून नेलं. त्यानं स्वतःची घट्ट गुंडाळी केली होती आणि खवलं किंचित वर-खाली होत होती. श्वास घेत होतं ते. इतकी वर्षं मी 'हा प्राणी संपत चाललाय' असं सांगत आले, दुकानातलं अस्तर संपत आल्यागत. आता मात्र मी त्याचा एकेक श्वास मोजत उभी राहिले.

"भ्यालंय ते," सिंधुताई हळूच म्हणाल्या.

"हाव. मी बी."

त्याला जखम नव्हती. चारआठ दिवसांनी किनवटकडच्या जंगलात सोडल्याचं कळलं. पेपरात फोटोही आला, आणि त्याखाली माझं नाव 'स्थानिक प्राणीतज्ज्ञ' म्हणून! ते वाचून किशनरावांना चहाचा ठसका लागला म्हणे.

आता कुठं घोरपड निघाली, घुबडाचं पिल्लू पडलं, की लोक सिंधुताईंना फोन करतात. त्या वनखात्याला कळवतात आणि मलाही बोलावतात. मी बहुतेक वेळा रिक्षातच बसून राहते. पण जाते.