फोटोतल्या पंपावरचा चहा

मी चौथी शिकलो. पण बत्तीस वर्षं ट्रक चालवला, आणि रस्ता ओळखायला शाळा लागत नाही, हे मी इथे परदेशात, कॉर्कमध्ये मुलाच्या घरी बसूनही सांगतो.

गेल्या महिन्यात दूध घेऊन परत येताना मला घर सापडलं नाही. इथली घरं सगळी एका साच्यातली, दारांचे रंग तेवढे निराळे. आपल्या दाराचा रंगच आठवेना. दोन तास फिरलो. कुणाला विचारलं असतं, पण विचारायची सवय नाही. तेव्हापासून मुलाचं एकच पालुपद, "बाबा, घराची किल्ली माझ्याकडे द्या. एकट्याने बाहेर पडायचं नाही." मी म्हणालो, "डोकं शाबूत आहे तोवर किल्ली माझ्या खिशात."

रविवारी सूनबाईने जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक जाडजूड पुस्तक आणलं. अमेरिकेतल्या जुन्या रस्त्यांचे फोटो. होडीएवढाल्या गाड्या, टपावर सामान बांधून निघालेली माणसं. पानं उलटता उलटता एका फोटोवर थांबलो. सरळ रस्ता, तारेचे खांब, एकटाच पेट्रोल पंप, शेजारी बाकडं.

"हा आपला पंप," मी मुलाला म्हणालो. "कराडच्या पुढचा. तुझ्या आईला एकदा ट्रकमधून कोल्हापूरला नेली होती, तेव्हा ह्याच बाकड्यावर चहा प्यायलो. तिने दुसरा कप मागितला होता."

सून हळूच म्हणाली, "बाबा, खाली अमेरिका लिहिलंय."

"लिहिणारा कधी गाडी घेऊन गेला होता का तिथे?"

मुलगा हसला नाही. त्याने हात पुढे केला. "बाबा, किल्ली."

मी पुस्तक डोळ्यांजवळ ओढलं. मला खोटा पाडतो म्हणजे काय! खांब पाहिले, मागचा डोंगर पाहिला. आणि मग पंपावरून निघालेली गाडी दिसली. उजव्या अंगाने चालली होती. चालवणारा डाव्या खिडकीत. आपल्याकडे असं चालवलं असतं तर पहिल्याच वळणावर कपाळमोक्ष.

त्या दोघांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर खपलं असतं. पण ड्रायव्हर माणसाने हे बघून न बघितल्यासारखं करायचं?

"गाडी उजवीकडून चाललीय," मी म्हणालो. "आपल्याकडची नव्हे."

मुलाने वाकून पाहिलं. "आयला, खरंच की."

मग मला बुकिंग ऑफिस आठवलं. भाडं मिळेपर्यंत आम्ही ड्रायव्हर लोक तिथे दोन-दोन दिवस बसून राहायचो. कारकुनाच्या डोक्यावर टायरवाल्यांचं कॅलेंडर होतं, परदेशी रस्त्यांचं. वर्ष संपलं तरी कुणी काढलं नाही. त्यावर असाच पंप असावा. चहा तर तिथेही यायचा. पण बायको त्या ऑफिसात कधी आली नव्हती. मग दुसरा कप कुणी मागितला? मला बाकडं दिसतं, तिच्या पदरावरची धूळ दिसते.

किल्ली मीच काढून टेबलावर ठेवली. मुलाने ती पुस्तकावर ठेवली आणि दोन्ही माझ्याकडे सरकवली. "असू द्या. उद्या दुधाला मी बरोबर येतो. वाट तुम्ही दाखवायची."

"आपलं दार कुठल्या रंगाचं?"

"हिरवं, बाबा."

हिरवं. ते मी पक्कं केलं. मग त्याला विचारलं, "तुझ्या आईने तो चहा कुठे प्यायला रे?"

त्याला कुठून ठाऊक असणार? ती असती तर तिलाच विचारलं असतं.