न मागितलेली गाय

आष्ट्याच्या लालासाहेब सुभेदारांचा ट्रॅक्टर आकारामनं बारा वर्षं चालवला. तो काविळीनं गेला, तेव्हा त्याची बायको सुलाबाई मुलीला घेऊन कवठे महांकाळकडच्या आपल्या गावी परतली. तिच्यासाठी काहीतरी कायमचं करावं, असं सुभेदारांनी मनात घेतलं. गोठ्यातली सगळ्यात चांगली जर्सी गाय त्यांनी टेम्पोत चढवली आणि स्वतः नेऊन तिच्या दारात बांधली. सुलाबाई पाया पडली. मोठं काम झालं म्हणून सुभेदार खुशीत परतले. पुढं अधूनमधून फोन करायचे. गाय बरी हाय, एवढंच ती सांगायची.

दोन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, ते तिच्या दारात उतरले. गाईच्या बरगड्या वर आल्या होत्या. आष्ट्यात उसाच्या वाड्याला, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या चाऱ्याला, तोटा नाही. इथं माणसंच टँकरची वाट बघत होती. तेवढ्यात सुलाबाईची मुलगी राजेश्वरी डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन आली. कितवीत गेलीस, असं सुभेदारांनी विचारलं. पोर खाली बघत गोठ्याकडं गेली.

मग सुलाबाईनंच सांगितलं. ती स्वतः द्राक्षबागेत मजुरीला जायची, त्यामुळं वैरणपाणी पोरीच्या अंगावर पडलं. नववीतच शाळा सुटली.

"मला सांगायचं न्हाई व्हय?" सुभेदार म्हणाले.

"आवं मालक, तुमी एवढ्या मायेनं दिल्याली. न्हाई कसं म्हणायचं? आन् इकायचा तर धीरच झाला न्हाई."

सुभेदारांनी विचारलं, "तवा तुला खरं काय पायजे हुतं?"

"पोरीला सायकल. शाळा लय लांब पडती."

त्याच आठवड्यात त्यांनी गाय परत नेली आणि नवी सायकल आणली. शाळेतही जाऊन आले. मुख्याध्यापक मुलीला घ्यायला तयार होते, पण राजेश्वरी तयार झाली नाही. बरोबरीच्या मैत्रिणी कॉलेजात गेल्या होत्या. लहान पोरींच्या वर्गात बसायची तिला लाज वाटत होती. सुभेदारांनी पुन्हा पुन्हा समजावलं. ती नम्रपणे ऐकायची आणि मान हलवून नाही म्हणायची.

आता ती त्या सायकलवरनं आईबरोबर बागेत मजुरीला जाते. गावात कुणी कुणाला काही द्यायला निघालं, की सुभेदार त्याला थांबवतात. आधी जाऊन बस, विचार, मग दे, म्हणतात. त्यांना हे कुणी शिकवलं, ते मात्र ते सांगत नाहीत.