धडफळ्यांचं बिनसाखरेचं श्रीखंड

सुशांत धडफळेच्या यकृतावर चरबी चढली आहे, ही बातमी त्याला कंपनीकडून कळली. दर जानेवारीत इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या काचेच्या इमारतीत तपासणीवाले येतात, रक्त घेतात, पोटावर थंडगार जेल फासतात आणि आठ दिवसांनी रिपोर्ट मेलवर धाडतात. सुशांतने रिपोर्ट उघडला तेव्हा तो कँटीनमध्ये होता आणि पुढ्यात मैसूरपाकाचा दुसरा तुकडा होता. त्याने आधी तो संपवला. मग घाबरला.

सुशांत मूळचा पुण्याचा, सिंहगड रस्त्यावरचा. वय अडतीस. नऊ वर्षं बेंगळुरूत राहून त्याला कन्नडमधले दोनच शब्द येत होते, ‘स्वल्प’ आणि ‘सरी’. ‘सरी’ म्हणजे ‘बरं’, आणि ‘स्वल्प’चा अर्थ ‘थोडं’ असा होतो हे त्याच्या ताटाकडे पाहून कुणाला पटलं नसतं. कंपनीत तो प्रॉडक्ट मॅनेजर होता. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामाला नवं नाव द्यायचं आणि ते पडद्यावर दाखवून टाळ्या घ्यायच्या. या कामात तो फार हुशार होता, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

डॉक्टर म्हणाले, “रोज पाऊण तास चाला. गोड कमी खा.”

एवढंच. ना ॲप, ना आलेख. सुशांतला हा उपाय अपमानास्पद वाटला. ज्या माणसाने तीन वर्षं एका बटणाचा रंग ठरवण्यात घालवली, त्याला ‘कमी खा’ पचावं कसं? घरी येताना फ्लायओव्हरवरच्या गर्दीत गाडी अडकली आणि तिथे त्याला मार्ग सुचला. आपण गोड कमी खायचं नाही. गोडातलंच काहीतरी कमी करायचं.

“म्हणजे नेमकं काय?” बायकोने विचारलं. निधी नागपूरची. तीही आयटीतच होती, पण टेस्टिंगमध्ये. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शांतपणे शोधायचा तिला पगार मिळत होता, आणि घरी हे काम ती फुकट करायची.

“लो कॅलरी डेझर्ट्स. घरच्या घरी. पोटभर खायचं, पण अंगाला लागत नाही.”

“मग खायचं कशाला?”

हा प्रश्न सुशांतने ऐकला नाही.

ज्याने आजवर दूधसुद्धा उतू घालवल्याशिवाय तापवलं नव्हतं, त्याने त्या शनिवारी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा वजनकाटा आला. सिलिकॉनचे साचे आले. ओट्यावर मालनबाईंच्या मसाल्याच्या डब्याची जागा बदामाच्या पिठाने घेतली. मालनबाई त्यांच्याकडे सहा वर्षं स्वयंपाक करत होत्या. माहेर होसकोट्याजवळचं, घराणं मराठी, पण ‘आमचे लोक इकडे आले ते चारशे वर्षांमागं’ असं त्या काल रेल्वेतून उतरल्यासारखं सांगत. बोलणं मराठी, त्यात कन्नडची फोडणी.

पहिला पदार्थ होता ॲव्होकाडोचं चॉकलेट मूस. सुशांतने तो काचेच्या पेल्यात घालून मालनबाईंच्या पुढे धरला. त्यांनी बोटाने थोडासा उचलला, वास घेतला आणि अगदी मनापासून विचारलं,

“अण्णा, हे खायाचं की तोंडाला लावायचं?”

“खायचं! चॉकलेट आहे. कळतसुद्धा नाही ना, की साखर नाही?”

“कळतं की,” मालनबाई म्हणाल्या.

पुढच्या दोन महिन्यांत त्या घरात राजम्याचे ब्राउनी झाले, फ्लॉवरची बासुंदी झाली. चियाच्या बियांची खीर झाली, ती बेडकाच्या अंड्यांसारखी दिसत होती आणि चवीला तितकीही बरी नव्हती. एकदा त्याने दूध, तूप, साखर आणि खवा वगळून दुधी हलवा केला. निधीने एक घास खाल्ला आणि पोळी मागितली. एवढं सगळं वजा केल्यावर उरते ती दुधीची भाजी, आणि भाजी ती पोळीशीच खात असे.

सुशांत मात्र खूश होता. कारण तो ते खात होता, आणि भरपूर खात होता. पूर्वी तो दोन गुलाबजाम खाऊन तिसऱ्याकडे चोरून बघायचा. आता ब्राउनीचा अख्खा ट्रे उघड्यावर संपवायचा, “अरे, एका तुकड्यात फक्त नव्वद कॅलरीज!” असं म्हणत. एका रविवारी निधीने नुसतं बोटांवर मोजलं.

“नऊ तुकडे झाले, सुशांत. नऊ नव्वदा?”

“तू पर युनिट बघ ना!”

वजन दीड किलोने वाढलं. सुशांतच्या मते तो स्नायूंचा भार होता.

चूल ओळखीची होईना, पण भाषण मात्र रोज सुधारत होतं. पार्किंगमध्ये, दुधाच्या पिशव्या घेताना, शेजाऱ्यांच्या बारशात, जो सापडेल त्याला सुशांत गाठायचा. “लोक लेबलच वाचत नाहीत,” तो म्हणायचा. “आपल्या देशाचा प्रॉब्लेम हा आहे. पाकीट उलटं करून बघायची सवयच नाही.” मग तो समोरच्याच्या हातातलं बिस्किटांचं पाकीट घेऊन उलटं करायचा. लहान मुलं त्याला बघून बिस्किटं पाठीमागे लपवू लागली.

अशातच गुढीपाडवा आला. सोसायटीत मराठी मंडळ होतं. बारा कुटुंबं, वर्षाला तीन कार्यक्रम, पाच भांडणं. अध्यक्ष होते यशोवर्धन मोहिते. बनशंकरीत जन्म काढलेले, बँकेतून निवृत्त झालेले आणि आता मुलाकडे राहायला आलेले जुने बेंगळुरूवासी. पाडव्याच्या जेवणाची आखणी चालू होती. श्रीखंड दुकानातून मागवायचं ठरत होतं, तेवढ्यात सुशांत उभा राहिला.

“श्रीखंड मी करतो. चाळीस जणांचं. साखर शून्य, फॅट शून्य. आणि चव, मी सांगतो, कळणारसुद्धा नाही.”

मोहिते हळूच म्हणाले, “धडफळे अण्णा, मला मधुमेह. पंधरा वर्षांत श्रीखंड खाल्लं नाही मी. खरंच चालेल?”

“काका, वाटीभर नाही, पोटभर खा!”

मोहित्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. निधीने कपाळावर हात मारला, पण मनातल्या मनात.

सुशांतने दोन दिवस रजा काढली. मलई काढलेल्या दुधाचं दही घरभर टांगलं. पंख्याला, नळाला, बाल्कनीतल्या कपडे वाळवायच्या दोरीला. साखरेऐवजी घालायला त्याने ऑनलाइन एक पांढरी पूड मागवली होती. माल्टिटॉल. दिसायला साखर, गोडीला जवळजवळ साखर, आणि पाकिटावर धावणाऱ्या सडपातळ बाईचं चित्र. साखर जेवढी लागली असती तेवढीच त्याने ती घातली, वर गोडी कमी वाटली म्हणून आणखी ओतली. केशर, वेलची, जायफळ. मालनबाईंनी चक्का फेटून दिला, पण चव घ्यायला नकार दिला.

“सणाला मी साखरंचंच खाते, अण्णा. स्वल्प खाते, पण साखरंचं.”

आणि खोटं कशाला बोला, श्रीखंड झकास झालं. सुशांतच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा खाण्यासारखा पदार्थ उतरला. क्लबहाउसमध्ये गुढीपुढे पंगत बसली. पातेल्याशेजारी सुशांतने एक पाटी उभी केली होती, त्यावर एका वाटीच्या कॅलरी लिहिल्या होत्या. पाटी वाचून लोकांनी आधी एक वाटी घेतली, मग दुसरी. तब्येतीचं आहे म्हणून तिसरी. एरवी गोडाला नाक मुरडणाऱ्या बायकांनी पुऱ्या बाजूला सारून नुसतं श्रीखंड खाल्लं. मोहित्यांनी चार वाट्या चापल्या. सुशांतने स्वतःच्या मोजल्याच नाहीत. निधीने दोन चमचे खाल्ले, कारण तिची सवयच तेवढी होती.

“बघ,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “बघ जरा लोकांकडे.”

दुपारी तीन वाजता सांस्कृतिक कार्यक्रम सुरू झाला. मोहिते अध्यक्षीय भाषणाला उभे राहिले. मराठी माणूस या शहरात चारशे वर्षं कसा टिकून राहिला, हा विषय. मराठी माणूस दगडासारखा घट्ट रोवून उभा राहिला, असं ते म्हणाले आणि थांबले. लोकांना वाटलं, गहिवर आला. मोहित्यांनी माईक गुढीशेजारच्या पाटावर ठेवला आणि वयाला न शोभेल अशा चपळाईने दाराबाहेर गेले.

क्लबहाउसला शौचालयं दोन, आणि त्यांतल्या एकाची कडी तुटलेली.

पाच मिनिटांत तिसऱ्या ओळीतले चौघं उठले. मग पहिली ओळ. मुलींचं नृत्य चालू असताना आया उठल्या, आणि मागोमाग अर्ध्या गाण्यावर नाचणाऱ्याही. कुणी आपापल्या फ्लॅटकडे धावलं, तर लिफ्टपुढे रांग. रांगेत थांबायची कुणाची तयारी नव्हती. सोसायटीचा वॉचमन गुंडो आग लागली समजून शिट्टी फुंकू लागला. भरजरी साड्या सावरत, सदरे मुठीत धरत मंडळी चारी टॉवरांच्या दिशेने पांगली. तीन वीसला सभागृहात गुढी, माईक आणि निधी एवढंच उरलं होतं.

सुशांत त्या वेळी कुठे होता, हे सांगायची गरज नाही.

संध्याकाळी निधीने कचऱ्याच्या डब्यातून ते पाकीट काढलं. उलटं केलं. अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. तिने बाथरूमच्या दारापाशी उभं राहून मोठ्याने वाचलं.

“पॉलिऑल्सचा रेचक परिणाम होऊ शकतो. सुशांत, पॉलिऑल म्हणजे तुझी ती पूड, आणि रेचक म्हणजे जुलाबाचं. ऐकू येतंय ना?”

आतून उत्तर आलं नाही. म्हणजे शब्दांत आलं नाही.

“लेबल वाचायची सवयच नाही बाप्पा लोकांना,” निधी म्हणाली, आणि नऊ वर्षांच्या संसारात कधी हसली नव्हती तितकी जमिनीवर बसून हसली.

जिवावर कुणाच्याच बेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे उठून कामावर गेले. मोहित्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला: ‘धडफळे यांचे आभार. पोट साफ, मन साफ.’ खाली एकतीस जणांनी हात जोडले. आणि तिथून सुशांतचा छळ सुरू झाला. लिफ्टमध्ये शिरला की कुणीतरी विचारणारच, “काय धडफळे, आज काय केलंत?” आणि उरलेले छताकडे बघत ओठ दाबणार. चार दिवस त्याने सोसलं. पाचव्या दिवशी त्याने जिना धरला.

तो राहत होता नवव्या मजल्यावर. सकाळी उतरणं, संध्याकाळी चढणं. दूध, कुरियर, विसरलेली किल्ली, सगळं जिन्याने. ओळखीचे लोक टाळायचे म्हणून तो पार्किंगमध्येही थांबेनासा झाला. मागच्या फाटकाने निघून कंपनीच्या बसथांब्यापर्यंत वीस मिनिटं चालत जायचा. घरचे साचे, काटा, बदामाचं पीठ माळ्यावर गेलं. मालनबाईंनी मसाल्याचा डबा मुकाट्याने पूर्वीच्या जागी ठेवला. गोडाचं नाव घरात निघेना. सुशांतला गोड बघितलं की गुढी आठवायची.

मे महिन्यात एकदा मालनबाई रस्त्यावरून ताडगोळे घेऊन आल्या. सोलले, फ्रिजमध्ये गार केले आणि जेवण झाल्यावर न विचारता दोघांपुढे ठेवले. सुशांतने घाबरत एक उचलला. दाताखाली गार, गोडसर पाणी फुटलं. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला आणि खुर्चीला टेकला.

“बास,” तो म्हणाला. हा शब्द त्याने जेवणाच्या टेबलावर प्रथमच उच्चारला असावा. “मालनबाई, यात काय घातलंय?”

“फ्रिजमधी घातलंय,” मालनबाई म्हणाल्या.

जुलैमध्ये डॉक्टरांनी पुन्हा तपासणी करायला लावली. चरबी उतरली होती. वजन सहा किलोने कमी. डॉक्टरांनी खूश होऊन विचारलं, “काय केलंत?” नऊ मजले, दिवसातून चार वेळा, तोंड लपवत, असं उत्तर देणं शक्य होतं. निधी शेजारीच बसली होती. तिला वाटलं, आता तरी हा माणूस खरं बोलेल.

“डॉक्टर,” सुशांत म्हणाला, “मी डेझर्टचा पूर्ण ॲप्रोच बदलला.”

महिन्याभरात कंपनीच्या मोठ्या हॉलमध्ये त्याचं व्याख्यान झालं. दोनशे लोक, मागे पडदा, पडद्यावर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी. विषय: घरच्या घरी कमी कॅलरींचं, समाधान देणारं गोड. ॲव्होकाडो, राजमा, चिया, सगळे पदार्थ सुंदर फोटोंसह. श्रीखंडाचा उल्लेख नव्हता. जिन्याचाही नव्हता. शेवटी त्याने ‘स्वतः विकसित केलेला’ पदार्थ दाखवला: काळ्या पाटीवर पातळ चकत्या, वर पुदिन्याचं एक पान. नाव, आइस ॲपल कार्पाचो. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या एका बाईने रेसिपी लिहून घेतली.

त्याने व्हिडिओ घरी आणून लावला. मालनबाई कणीक मळता मळता पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि चष्मा लावून बघू लागल्या. बराच वेळ बघितलं.

“हे ताडगोळेच न्हवं, अण्णा?”

“हो, बेस तोच आहे.”

“मंग ह्यात तुम्ही काय केलंसा?”

“प्लेटिंग,” सुशांत म्हणाला.

“सरी,” मालनबाई म्हणाल्या, आणि पोळ्या करायला आत गेल्या. निधी लॅपटॉपवर काम करत होती. तिने मान वर केली नाही, फक्त व्हिडिओचा आवाज बंद करायला सांगितला. सुशांतने आवाज बंद केला आणि टाळ्यांचा भाग पुन्हा एकदा नुसताच पाहिला.