बटणावरचं कुंकू

दिवाळी झाली की आमचं घर चालायला लागायचं. आमच्या माण तालुक्यात तोवर गवताची काडी उरलेली नसायची. आबा मेंढरं पुढं घालायचे, आई घोड्यावर पीठ, घोंगडी आणि कोंबड्यांची डालगी बांधायची, आणि आम्ही सातारा जिल्ह्याची हद्द मागं टाकून कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात उतरायचो. तिथल्या लोकांना मेंढरं रानात बसवून हवी असायची, कारण लेंडीखत सगळ्यांनाच गोड लागतं. आम्ही मात्र नको असायचो. रानाचा मालक बांधावर उभा राहून ओरडायचा, "ए मेंढक्या, मेंढरं आत घाल. बायकापोरं पल्याड ऱ्हाऊ देत." आई पाण्याला गेली की नळावरच्या बाया आपल्या घागरी ओढून बाजूला घ्यायच्या. आई तरी त्यांच्याशी गोडच बोलायची. मी उलटून बोलायची, आणि मार खायची.

मला शिकायचं होतं म्हणून गावात चुलतीकडं ठेवलं. चुलती जेवायला घालायची आणि बोलायची, दोन्ही पोटभर. "शिकून काय कलेक्टर व्हणार हाय का ही? शेवटी मेंढरंच हाकायची." आबा वर्षातून चार महिनेच गावात असायचे. ते म्हणायचे, "हाकंल न्हाईतर न्हाई हाकनार. तिचं ती बघंल." आमच्या घराण्यातलं शिक्षणाविषयीचं एवढंच भाषण.

मी सांगलीला येऊन बी.कॉम. केलं. विश्रामबागेत वसतिगृहात राहायची आणि दुपारी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात काउंटरवर बसायची. दुकानदार मला पेचकस धरू द्यायचा नाही. "बाईमाणसानं फोन उचलायचा आन् पावती फाडायची." ठीक आहे म्हटलं. हात बांधलेले होते, डोळे नव्हते. तीन वर्षं मी त्याच्या खांद्यावरून बघत बसले. कुठली वायर कुठं जाते, काय बिघडलं की कसा आवाज येतो, गिऱ्हाइकाला खरं काय झालंय आणि हा सांगतोय काय, सगळं बघितलं.

पदवी हातात आल्यावर कुपवाडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बिलं काढायचं काम मिळालं. पंपाचे सुटे भाग तिथं बनायचे. ऑफिस म्हणजे पत्र्याच्या शेडला लागून एक खोली, तीत तीन टेबलं. एक मालकांचं, एक माझं, आणि एक अकाउंटंटचं. या अकाउंटंटना सगळे अण्णा म्हणायचे. मालकांच्या वडिलांच्या काळापासूनचा माणूस. अण्णांचा एक भाचा डिप्लोमा करून घरी बसला होता आणि माझी खुर्ची त्याच्यासाठीच केलेली आहे, असं अण्णांचं पहिल्या दिवसापासूनचं मत होतं. मला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलं होतं. ते संपत आले होते. पुढं कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मालक दिवाळीच्या आधी ठरवणार होते.

अशात खंडेनवमी आली.

आपल्याकडं त्या दिवशी अवजारांची पूजा होते. आणि जो ज्या अवजारावर काम करतो, तोच त्याची पूजा करतो. लेथवाल्यानं लेथची केली, ड्रायव्हरनं टेम्पोची केली. मी अंघोळ करून, नवी साडी नेसून आले होते. कॉम्प्युटर आणि भिंतीवरचं स्विच बंद केलं, डब्याला झेंडूचा हार घातला आणि ताट उचललं, तर अण्णांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"तू ऱ्हाऊ दे गं पोरी. तुमच्यात भंडारा उधळत्यात. हितं कुंकू लागतं."

खोलीत दोन-तीन जण होते, ते हसले. मालकही मोबाईलमधून मान वर न काढता हसले. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते, भंडारा म्हणजे हळद. आमचा देव हळदीचा आहे. सांगलीचा बाजार ज्या हळदीवर जगतो, तीच ही हळद. ती ट्रकनं आली की व्यापार होतो, आमच्या कपाळावर दिसली की हसू येतं.

अण्णांनी पूजा केली. नारळ फोडला, त्याचं पाणी कॉम्प्युटरच्या डब्यावर शिंपडलं. गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला, गुळाचा खडा डब्याला टेकवला आणि त्याच चिकट बोटानं ओलं कुंकू लावलं. माणसाला कपाळ असतं. डब्याला कपाळ कुठलं? समोर मधोमध एक गोल बटण असतं, चालू करायचं. ते त्यांना कपाळासारखं दिसलं असणार. त्यावर चांगलं दाबून कुंकू लावलं. मी भिंतीला टेकून बघत उभी होते. माझ्या यंत्राची पूजा दुसऱ्यानं केली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बटणाकडं माझं लक्ष नव्हतं.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचं स्विच दाबलं. डब्यातला पंखा जरासा फिरला, दिवा लागला आणि सगळं गप्प झालं. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही.

अण्णा जणू याचीच वाट बघत बसले होते.

"झालं का? बंद कसा क्येला हुतास परवा?"

"नेहमीसारखाच केला होता."

"न्हेमीसारखा क्येला असता तर न्हेमीसारखा चालू झाला असता. वायर वढली असशील. घाई व्हती न्हवं घरला जायाची." मग मालकांकडं वळून, "मी तुमास्नी तवाच म्हनलं हुतं. ह्ये काय मेंढरू हाय का, काठी दाखवली की चालाया?"

बाहेर टेम्पो माल भरून उभा होता. माल पुण्याला जायचा होता आणि बिल निघाल्याशिवाय गेटबाहेर पडता येत नव्हता. बिलाचं सगळं त्याच डब्यात होतं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

मालक म्हणाले, "हे बघ, मेकॅनिक दुपारनंतर येतो म्हणालाय. त्यानं येऊन सांगितलं की तुझ्यामुळं बिघडलंय, तर उद्यापासून येऊ नको. उगं रडारड नको."

"मी रडत नाही. मला उघडून बघू द्या."

"तू?" अण्णा म्हणाले. "आवं मालक, आजून बिघडंल ते. मग भरपाई कोन दील, हिचा बा? मेंढरं इकून?"

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायची गरज नाही. मी म्हणाले, "माझ्या बापाचं नाव तुमच्या तोंडात पुन्हा आलं, तर मी ऑफिस बघणार नाही आणि वयही बघणार नाही."

मालक म्हणाले, "बघू द्या तिला. बंदच तर हाय. बंदचं आनि काय बिघडनार?"

मी आधी मोबाईलचा चार्जर भिंतीवरच्या बोर्डाला लावून बघितला. वीज येत होती. मग मॉनिटरची वायर काढून डब्याला लावली, दोन्ही सारख्याच असतात. तरी तेच. पंखा एक गिरकी घ्यायचा आणि थांबायचा. म्हणजे वीज आत पोचत होती. वर्कशॉपमधून पेचकस आणला, बाजूचा पत्रा काढला, रॅमची पट्टी उपसून तिचे पितळी दात खोडरबरानं घासले आणि परत बसवली. दुकानदार दहातले सात कॉम्प्युटर असेच चालू करायचा आणि गिऱ्हाइकाला वेगळंच काही सांगायचा. माझा मात्र चालू झाला नाही.

"काय मॅडम," अण्णा म्हणाले, "पदवी चालंना व्हय?"

मी पट्टी पुन्हा एकदा दाबून बसवली.

मग पुन्हा बटण दाबलं, आणि या वेळी कान दिला. आमच्या बटणाचा टक् असा आवाज यायचा. तो आला नाही. बोटाला मागं ढकलणारं काही लागलंच नाही. बटण दाबलं जात नव्हतं, कारण ते आधीच दाबलेलं होतं. आत रुतून बसलं होतं. आणि बटण धरून ठेवलं की कॉम्प्युटर काय करतो? बंद होतो. रोज अडकला की मीच तसा बंद करायची. इथं कुणीतरी बोट ठेवल्यासारखं ते दाबलेलंच राहिलं होतं आणि बिचारा सुरू होऊन लगेच मरत होता.

कुंकू सकाळपासून समोर होतं. पण दसऱ्यानंतर कुपवाडात कुठल्या यंत्रावर कुंकू नव्हतं? लेथवर होतं, तराजूवर होतं, टेम्पोच्या नाकावर होतं. डोळ्यांना सवय झालेली, म्हणून ते वेगळं दिसलं नाही. आता जवळून बघितलं. बटणाच्या कडेनं लाल रेघ आत उतरली होती आणि वाळून गूळ झाली होती. गूळच होता तो.

आधी खात्री करायची होती. बटणापासून आत जाणारी दोन तारांची वेणी मदरबोर्डवरून उपटून काढली. तिथं दोन बारीक पिना उघड्या पडल्या. पेचकसाचं टोक दोन्हींवर एकदम टेकवलं. बटण तरी दुसरं काय करतं?

पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पडदा उजळला.

ड्रायव्हर दारातनं डोकावला. "झाला का गं ताई? लय भारी!"

मी पुढचा प्लास्टिकचा भाग उचकटला, बटण काढलं आणि मालकांच्या टेबलावर, त्यांच्या समोरच्या काचेवर ठेवलं. लाल, चिकट, खाली खोबऱ्याचा कीस लागलेलं.

"हे कुणी लावलं, ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय," मी म्हणाले. "मला लावू दिलं नव्हतं. अण्णा म्हणाले होते, तुमच्यात भंडारा उधळतात. भंडारा उधळला असता तर बटण अडकलं नसतं. कोरडी हळद फुंकरीनं उडते."

अण्णा उठले. "देवाचं काम हाय ते. देवाच्या कामात चूक काढती व्हय गं तू?"

"देवाचं काम माझं होतं. ते तुम्ही हातातून काढून घेतलंत."

मालकांनी बटण उचललं, वास घेतला आणि परत ठेवलं. त्यांना हसू येत होतं की राग, कळलं नाही. म्हणाले, "झालं न्हवं सुरू? मग बिल काढा. टेम्पो उभा हाय."

कुणी माझी माफी मागितली नाही. मी वाटही बघत नव्हते. बिल काढलं, टेम्पो गेला. मग ते बटण कोमट पाण्यात धुतलं, तरी त्याची स्प्रिंग काही नीट उसळी घेईना. म्हणून शेजारच्या रिसेटच्या छोट्या बटणाची तार त्या दोन पिनांना जोडली. आता त्या डब्याचं कपाळ बाजूला सरकलंय आणि ते कुठं आहे, हे फक्त मला माहीत आहे. मेकॅनिक दुपारी आला, उघडा डबा बघून म्हणाला, "ही तार कुनी बदलली?" मी म्हटलं, मी. तो म्हणाला, "मग मला कशाला बोलावलं?" आणि चहा पिऊन गेला.

अण्णा त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीही कामापुरतंच बोलते. त्यांना वाटतं मी उर्मट आहे. असेन. नळावर घागर ओढून घेणाऱ्यांशी आई गोड बोलली, तरी तिला कुणी आधी पाणी दिलं नाही.

दिवाळीनंतर आबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते कऱ्हाडच्या खाली कुठंतरी रानात मेंढरं बसवत होते. म्हणाले, "बटनात गूळ व्हता म्हनं? मुंग्या न्हाई लागल्या?" आणि मोठ्यानं हसले. मागून आई ओरडली, "कायम क्येलं का, त्ये इचार आदी!"

केलं. दिवाळीच्या आधीच मालकांनी मला कायम केलं होतं. भाच्याला त्या खुर्चीवर बसता आलं नाही. पुढच्या खंडेनवमीला ताट मी घेतलं, कुणाला विचारलं नाही, आणि त्या डब्याला कोरडा भंडारा लावला. कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी पहिल्या टकला सुरू झाला.