त्या चढाईबद्दल मी खोटं बोललो

आमच्या मंडळाची आंतरराष्ट्रीय कबड्डीपटू हट्टी होती, नको सांगितलेलं असताना मैदानात उतरली आणि खेळ गमावून बसली, असं अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत तीसेक वर्षं सांगितलं जातं. ही गोष्ट पहिल्यांदा मी सांगितली. ती खोटी आहे.

मी कारखान्यात सुपरवायझर होतो. पहिली पाळी सुटली की मोरिवलीच्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवायचो. ती जांभूळ गावाहून सायकलवर यायची. वडील भातशेती करणारे. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "मास्तर, पोरीचा हातपाय मोडला तर तुमच्या दारात आणून बसवीन." मी हसलो होतो.

नव्वदच्या आसपास ती भारताकडून परदेशात खेळून आली. आईने तिचा ब्लेझर प्लास्टिकमध्ये गुंडाळून खुंटीला टांगला. दुसरा दौरा तोंडावर होता आणि त्यानंतर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी जवळपास ठरलेली. सरावात गुडघा सुजला म्हणून भारतीय संघाच्या शिबिरातून तिला पंधरा दिवस घरी पाठवलं होतं. परत येईपर्यंत कुठेही खेळायचं नाही, अशी ताकीद देऊन.

त्याच पंधरवड्यात आमच्या मंडळाच्या स्पर्धा आल्या. "फक्त सत्काराला ये," मी तिला म्हणालो. पण आमच्याकडे रीत अशी, की शाल-नारळ झाला की सत्कारमूर्तीने एक चढाई करून दाखवायची. समोरचे सातही जण मुद्दाम बाद होतात, लोक टाळ्या वाजवतात. त्याला कोणी खेळ म्हणत नाही. मीही म्हणत नव्हतो.

त्या दिवशी बारवी धरणावरून येणारं नळाचं पाणी उशिरा आलं. पहाटे मारायचं पाणी आम्ही मैदानावर दुपारी चारला मारलं. वर चिखलाचा पातळ थर, खाली दगडासारखी कोरडी माती. मी चपलेच्या टोकाने दाबून पाहिलं होतं. मला माहीत होतं.

पाहुणे माइकवरून ओरडले, "ताई, एक चढाई होऊन जाऊ दे! पब्लिक थांबलंय."

ती माझ्या कानाशी आली. "सर, नको. गुडघ्यात कळ येतेय."

"अगं, खोटीखोटी चढाई. कोण धरतंय तुला? एवढ्या लोकांत माझी लाज काढू नकोस."

ती गेली. सगळ्यांना हात लावून मध्यरेषेकडे वळताना तिचा पाय सरकला आणि गुडघा फिरला. कोणी तिला धरलंही नव्हतं. टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फोनवर शिबिरातून विचारणा झाली. तिला खेळायला कोणी सांगितलं? त्या वर्षी जिल्ह्याच्या मुलींचा संघ प्रशिक्षक म्हणून माझ्याकडे यायचा होता. मी म्हणालो, "साहेब, ऐकते कुठे? हट्टी पोर आहे." एवढंच. तिला परत बोलावणं आलं नाही. नोकरीही गेली. वडिलांनी तिला माझ्या दारात आणून बसवलं नाही. त्यांनी तिलाच बोल लावला. संघ मला मिळाला, तीन वर्षं. ती कोणाला काही बोलली नाही. लग्न होऊन उल्हासनगरला गेली, जीन्सच्या कारखान्यात शिलाई करू लागली. आता बदलापुरात असते आणि जिना अंग तिरकं करून, एकेक पायरी उतरते.

यंदा मंडळाने स्मरणिकेसाठी तिच्यावर लेख मागितला. वरचं सगळं लिहिलं आणि छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवायला गेलो. खूप वर्षांचं ओझं खाली ठेवायचं होतं. ती सुया टोचलेली पँट मांडीवर घेऊन शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"एक राहिलंय, सर."

"काय?"

"मी दोनदा नको म्हणाले होते. रेषेपर्यंत जाऊन परत आले होते. तुम्ही पाठीला हात लावून ढकललंत."

हे आठवत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण मला आठवत होतं.

"लिहा," ती म्हणाली. "चहा नंतर टाकते."

म्हणून तेही लिहितो आहे, तिच्यासमोर बसून. ती दोनदा नको म्हणाली. दुसऱ्या वेळी मी तिला ढकललं.