मंगळवारी माती उकरली कुणी

आमच्या अंबांझा गावात बायकांचा जन्म वखारीत कोकोच्या बिया वाळवण्यात जातो. माझी शेजारीण सुआझारा मात्र सरडे पाळते. कुंपणावरचे साधे नव्हेत, रंग बदलणारे, हिरवे-निळे. त्यांची पिल्लं परदेशातले हौशी लोक पाळायला नेतात. वखारीतल्या बायका तिला नाक मुरडून म्हणायच्या, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. मी त्यांच्याशी कडाकडा भांडायचे, कारण सुआझाराचं काम त्यांच्यापैकी एकीलाही जमलं नसतं.

नर सांभाळणं सोपं. मादीचं तसं नाही. तिला भरपूर खाऊ घातलं तर अंडी फार होतात आणि तिचाच जीव जातो, म्हणून सुआझारा टोळ द्यायची ते हात राखून. दिवस भरले की मादी खाणं टाकते, फांदीवरून उतरते आणि जमीन धुंडाळत फिरते. ओलसर माती मिळाली तर बीळ खणून अंडी घालते. नाही मिळाली, तर अंडी पोटात अडकून मरते.

तिचे सासरे जाओफेनो यांनी या विधवा सुनेला हा उद्योग करू दिला तो एका अटीवर. अंडी पोटात घेऊन एक जरी मादी अंगणात मेली, तर ते घराला बाधणार. त्याच दिवशी सगळे सरडे रानात सोडायचे आणि सुनेनं वखारीत जायचं.

एका मंगळवारी सकाळी पाहावं तर अंडी घालायला भरून ठेवलेली ओल्या वाळूची कुंडी कोंबड्यांनी उलथून टाकलेली, आणि सगळ्यात देखणी मादी पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या घालतेय. नदीवरून ओली वाळू खणून आणायची म्हटलं, तर मंगळवारी आमच्याकडे मातीला कुदळ काय, बोटही लावत नाहीत. पूर्वजांनी घालून दिलेलं आहे. ते मोडलं तरी धंदा बंद, मादी मेली तरी बंद.

सुआझारानं पिंजऱ्याचा तळ काढला. केळीखाली सांडपाण्यानं जमीन कायम ओली असते, तिथं पिंजरा नुसता ठेवला. कुणी बघत असलं की मादी खणणं सोडून देते, म्हणून अंगावरचं कापड सोडून त्यावर टाकलं आणि मलाही लांब हाकललं.

थोड्या वेळानं जाओफेनो काठी टेकत आले.

"सूनबाई, आज वार कोणता?"

"मंगळवार, मामंजी. मी मातीला हात लावलेला नाही."

"मग कापडाखाली खरवडतंय काय?"

"ती खणतेय. नको असेल तर तुम्हीच सांगा तिला. माझं ती ऐकत नाही."

मला वाटलं, आता काठी पिंजऱ्यावर पडणार. म्हाताऱ्यानं वाकून कापडाजवळ कान नेला.

"तिचे पूर्वज वेगळे," ते म्हणाले. "त्यांनी तिला मंगळवार घालून दिलेला नसणार."

आणि कोंबड्यांच्या मागे काठी घेऊन स्वतःच धावले.

दुपार कलल्यावर मादी बाहेर आली. चिखलानं माखलेली, पोट खपाटीला, बीळ मात्र पायांनी नीट बुजवलेलं. सुआझारानं पानावरून थेंब थेंब पाणी सोडलं, तशी ती घटाघटा प्यायली. ते बघून सुआझारा रडली आणि मीही रडले.

पण अंडी मातीतच होती, आणि बुधवार उजाडेपर्यंत ती काढता येणार नव्हती. मुंग्या लागू नयेत म्हणून सासऱ्यांनी भोवती राख पसरली आणि आपली चटई तिथंच टाकली.

सकाळी सुआझारा चमचा घेऊन वाकली, तर त्यांनी तिला बाजूला सारलं आणि बोटांनी माती उकरायला घेतली. अंडं फिरवायचं नाही, वरची बाजू वरच ठेवायची, नाहीतर आतलं पिल्लू मरतं, असं ती सांगत होती आणि एरवी कुणाचं न ऐकणारा तो माणूस निमूट ऐकत होता. पांढरीशुभ्र, टपोरी अंडी एकेक करून डब्यात गेली.

शेवटचं ठेवून त्यांनी हात झटकले.

"दुसरीचंही पोट सुटलंय," ते म्हणाले. "तिची कुंडी सोमवारीच भरून ठेव."